स्कूबलला ठेवावं की विकावं? (टायगर्स, पिचरांचे सौदे आणि साय यंग)

नोव्हायकर | १३ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

काल बेसबॉलमधलं साय यंग बक्षीस जाहीर झालं. अमेरिकन लीगमधून सलग दुसऱ्या वर्षी आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा तारिक स्कूबल. ३० पैकी २६ जणांनी त्याला पहिलं मत दिलं, उरलेली ४ बॉस्टनच्या गॅरेट क्रोशेला. या लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षं हे बक्षीस याआधी पेद्रो मार्टिनेझनं घेतलं होतं, १९९९ आणि २००० साली. म्हणजे डेट्रॉइटात खरं तर पेढे वाटायला हवेत. आणि आज सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी पहिला प्रश्न काय आला? "मग, कुणाला विकताय त्याला?"

गेला महिनाभर हेच चाललंय. २०२६ चा सीझन संपला की स्कूबल मोकळा होतो, हव्या त्या टीमशी करार करू शकतो. त्याचा एजंट स्कॉट बोरास, म्हणजे स्वस्तात सही होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. यामामोतोला डॉजर्सनी ३२५ मिलियन दिले, इथे बोलणी त्याच्या पुढून सुरू होणार. त्यामुळे शहाणी माणसं म्हणतात, फुकट जाण्यापेक्षा आत्ताच विका, बदल्यात चार-पाच गुणी पोरं घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विकू नये. एक वर्ष तर एक वर्ष.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. साय यंग म्हणजे सीझनमधल्या सर्वोत्तम पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) बक्षीस, १९५६ पासूनचं, १९६७ पासून अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीगना वेगवेगळं. बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मत देतात, लीगमागे ३०. प्रत्येकानं पाच नावं लिहायची, गुण ७-४-३-२-१. मतं प्लेऑफच्या आधीच जमा होतात, त्यामुळे ऑक्टोबरमधला पराक्रम यात धरत नाहीत.

आता २५ मेचा रविवार सांगतो. मी आणि पोरगी टायगर्सच्या मैदानावर, कोमेरिका पार्कला होतो, समोर क्लीव्हलंड. स्कूबलनं पूर्ण ९ इनिंग, म्हणजे अख्खा सामना टाकला, ९४ चेंडूंत. दोन हिट, १३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), धाव एकही नाही. शेवटचा चेंडू १०२.६ मैलांचा! शोएब अख्तरचा तो विक्रमी चेंडू ताशी १६१ किलोमीटरचा होता. हा १६५ चा, आणि तोही दिवसभराच्या कामानंतर, ९४ वा. पोरगी माझ्या खांद्यावर उभी राहायला बघत होती. वय वर्षं अकरा, खांदा माझा.

आणि मग १० ऑक्टोबरची रात्र. सिअॅटलला पाचवा, निर्णायक सामना. स्कूबल ६ इनिंग, १३ स्ट्राइकआउट, त्यातले ७ ओळीनं. प्लेऑफच्या सामन्यात असं आधी कुणी केलेलं नव्हतं. ९९ चेंडू टाकून, १ धाव देऊन, २-१ आघाडी हातात ठेवून तो बसला. सातव्यात बरोबरी झाली. मग खेळ गेला पंधराव्या इनिंगपर्यंत, आमच्याकडे रात्रीचा एक वाजून गेला, आणि पोलँकोनं एक सिंगल मारून सगळं संपवलं. ३-२. मी टीव्ही बंद केला आणि अंधारात भांडी घासली.

लोक म्हणतात, बघा, तो असूनही हरलात ना? मी म्हणतो, तो होता म्हणून पंधराव्यापर्यंत गेलो.

"फुकट गेला" हा हिशोबच मला पटत नाही. ३१ सामन्यांत त्यानं चेंडू हातात घेतला आणि ३१ वेळा आम्ही जिंकायच्या अपेक्षेनं बसलो, ते फुकट का? आणि एका वर्षाच्या साय यंगवाल्याला बाजारात मिळतं तरी काय? मिलवॉकीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉर्बिन बर्न्स बाल्टिमोरला दिला. २०२१ चा साय यंग विजेता, करारात एकच वर्ष, म्हणजे थेट आपलीच केस. बदल्यात जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) ३४ वा नंबर. वाईट नाही. पण यासाठी मी २५ मे देणार नाही.

मतं मांडा. शिव्या मोजून द्या.

---

वऱ्हाडी_ठेचा | १३ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:०५

मला बेसबॉल येत नाही, पण शाळेत अमरावतीला सॉफ्टबॉल खेळले आहे, जिल्ह्याच्या टीममध्ये पिचर होते. त्यामुळे धागा सोडवत नाही. दोन प्रश्न. एक, हा माणूस दर सामन्यात का खेळत नाही? ३१ म्हणजे फारच कमी की हो. आम्ही तर एका दिवसात दोन-दोन सामने टाकायचो. दुसरा, विकताना त्याला विचारतात की नाही?

---

नोव्हायकर | १३ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:३०

ताई, सॉफ्टबॉलमध्ये हात खालून येतो, खांद्याला तेवढा मार बसत नाही असं म्हणतात. इथे हात वरून आणि ताकद सगळी कोपरावर. म्हणून पाच पिचरांची पाळी लावतात, एकाची पाळी साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी. सीझन १६२ सामन्यांचा, त्यातले ३१-३२ एकाच्या वाट्याला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: विचारत नाहीत. फोन येतो.

---

बॉस्टनचा_बंड्या | १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:५०

अभिनंदन वगैरे ठीक. पण त्या चौघा पत्रकारांमध्ये पाचवा म्हणून मला बसवा. क्रोशे: १८ विजय ५ पराभव, २०५.१ इनिंग, २५५ स्ट्राइकआउट, ईआरए (दर ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, कमी तेवढा चांगला) २.५९. स्कूबल: १३-६, १९५.१ इनिंग, २४१, ईआरए २.२१. दहा इनिंग जास्त टाकल्या आमच्या माणसानं, आणि पाच विजय जास्त.

आणि क्रोशे हा सौद्यातूनच आला बरं का. डिसेंबर २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून, जे त्या साली १२१ सामने हरले होते. आम्ही चार पोरं दिली: टील, माँटगोमेरी, माइड्रॉथ, गोन्झालेझ. करार दोन वर्षांचा उरला होता, पण सीझन सुरू होतो न होतो तोच ६ वर्षांसाठी १७० मिलियनला त्याला बांधून ठेवला. यांकीजविरुद्ध प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात ११७ चेंडू टाकून जिंकून दिलं त्यानं. पुढचे दोन हरलो ते सोडा. सौदा असा करावा. पिचर घ्यावा आणि लगेच गाठ मारावी. देणाऱ्यानंही असा द्यावा, दोन वर्षं हातात असताना. तुम्ही एक वर्ष उशीर केलात, आता कोण काय देणार?

---

नोव्हायकर | १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१५

@बॉस्टनचा_बंड्या, दहा इनिंगचा मुद्दा मान्य. विजयांचा अजिबात नाही. पिचरच्या नावावर विजय लागतो तो त्याच्या टीमनं धावा केल्या तर. तो काय बॅट घेऊन जाणार आहे? नॅशनल लीगमध्ये परवा पॉल स्कीन्सला एकमतानं मिळालं, त्याचं काय झालं बघ: १० विजय, १० पराभव. ईआरए १.९७. त्याची टीम पायरेट्स त्याच्यामागे धावाच करत नाही. २०१८ ला डीग्रॉम १०-९, ईआरए १.७०. २०१० ला फेलिक्स हर्नांडेझ १३-१२. मत देणाऱ्यांना हे कळायला पन्नास वर्षं लागली, तू परत मागे नेऊ नकोस.

जुन्या काळातला अन्याय बघायचा तर नोलन रायन. १९८७ साली नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी ईआरए त्याचा, २.७६. सर्वांत जास्त स्ट्राइकआउट त्याचे, २७०. आणि नावावर ८ विजय, १६ पराभव. बक्षीस गेलं फिलाडेल्फियाच्या बेड्रोझियनला. कारकिर्दीत ५७१४ स्ट्राइकआउट, ७ नो-हिटर (एकही हिट न दिलेले सामने), साय यंग शून्य.

---

फुलटॉस | १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:०२

म्हणजे बेसबॉलचे पद्माकर शिवलकर.

---

नोव्हायकर | १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:१०

रायनला खेळायला तरी मिळालं. शिवलकरांना ५८९ बळी घेऊन एक कसोटी नाही. पण भावना पोचल्या.

---

आकडेमोड | १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:२०

नोव्हायकर, लेख छान, पण भावनेवर लिहिलाय. मी विकण्याच्या बाजूचा. डेट्रॉइटचाच इतिहास घेऊ, बाहेर जायला नको.

डिसेंबर २०१४. टायगर्सनी रिक पोर्सेलो बॉस्टनला दिला आणि सेस्पेडेस घेतला. जुलै २०१५ मध्ये सेस्पेडेस मेट्सला दिला आणि एक तरुण पिचर घेतला, मायकल फुल्मर. २०१६ ला काय झालं? फुल्मर अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. आणि त्याच वर्षी साय यंग कुणाला? पोर्सेलोला. दुसरा कोण? टायगर्सचाच व्हर्लँडर. एकाच सौद्याच्या दोन टोकांना दोन बक्षिसं, आणि तिसरं हुकलं ते घरच्या माणसाचं. व्हर्लँडरला पहिली मतं १४, पोर्सेलोला ८. तरी पोर्सेलो १३७-१३२ नं जिंकला, कारण दोन पत्रकारांनी व्हर्लँडरचं नाव पाचातसुद्धा लिहिलं नाही. (त्याच्या होणाऱ्या बायकोनं ट्विटरवर काय लिहिलं ते इथे देता येणार नाही.)

पण मुद्दा फुल्मरचा. २०१६-१७ मध्ये त्याला सोन्याचा भाव होता. टायगर्सनी विकला नाही. मग गुडघा, मग कोपर, २०१९ चं पूर्ण वर्ष शस्त्रक्रियेत. शेवटी २०२२ मध्ये मिनेसोटाला दिला आणि हातात आला एक मायनरमधला (खालच्या लीगमधला) पिचर, गिप्सन-लाँग. पिचर म्हणजे नासणारा माल. आज भाव आहे तर आज बाजारात न्यावा. टोमॅटोवाल्याला विचारा.

आणि बर्न्सचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. बर्न्स दिल्यावरही मिलवॉकीनं २०२४ ला आपली डिव्हिजन (लीगमधला गट) जिंकली, ऑर्टिझ रोज खेळत होता. बाल्टिमोरचं काय झालं? प्लेऑफमध्ये बर्न्सनं ८ इनिंगमध्ये एकच धाव दिली आणि १-० नं हरले. दुसराही सामना हरून घरी. मग बर्न्स २१० मिलियन घेऊन अॅरिझोनाला गेला, आणि २०२५ मध्ये त्याच्याही कोपराचं ऑपरेशन झालं. एका वर्षाच्या पिचरवर सगळं लावलं की असं होतं.

---

बॉस्टनचा_बंड्या | १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:४५

पोर्सेलोबद्दल धन्यवाद मंडळी. २२-४.

---

नोव्हायकर | १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी १:५२

जखमेवर मीठ चोळू नका. त्या पोर्सेलोच्या सौद्यात आमच्याकडे गेब स्पायर नावाचा पोरगाही आला होता, तेव्हा मायनरमध्ये. वर्षभरात देऊन टाकला. आता सिअॅटलकडून खेळतो. १० ऑक्टोबरला सहाव्या इनिंगमध्ये आमच्या कार्पेंटरनं जो दोन धावांचा होम रन मारला ना, तो याच स्पायरला. एवढाच त्या सौद्याचा नफा.

---

जुना_गडी | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:३०

लिहायला उशीर झाला, नातवाची शिकवणी होती.

मी १९८५ च्या ऑगस्टात डेट्रॉइटला वेन स्टेटमध्ये शिकायला आलो. आदल्या वर्षी टायगर्स जिंकले होते आणि गाव अजून त्या धुंदीत होतं. दुकानात, बसमध्ये, न्हाव्याकडे १९८४ शिवाय विषय नाही. मला क्रिकेटशिवाय काही येत नव्हतं. खोलीत एक रेडिओ होता, त्यावर अर्नी हारवेल समालोचन करायचे. त्यांच्या आवाजानं खेळ शिकलो, इंग्रजीही बरंचसं तिथेच.

१९८४ चं सांगतो, कारण धाग्याचे दोन्ही विषय त्यात आहेत. सीझन सुरू व्हायच्या जेमतेम आधी, मार्चमध्ये, टायगर्सनी फिलाडेल्फियाकडून विली हर्नांडेझ घेतला. डावखुरा, शेवटी येऊन सामना बंद करणारा. कुणी फारसं लक्ष दिलं नाही म्हणे. त्यानं ८० सामने खेळले, ३३ वेळा आघाडी राखायला सांगितली त्यातल्या ३२ वेळा राखली. साय यंग त्याला, एमव्हीपी (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस) त्याला, वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपद) टीमला. आणि त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये कोण? रिक सटक्लिफ. जूनमध्ये क्लीव्हलंडहून शिकागो कब्सकडे आला आणि तिथे १६-१. म्हणजे १९८४ ची दोन्ही साय यंग त्याच वर्षी विकत आणलेल्या माणसांनी नेली. सौदा म्हटलं की लोकांना देणाराच दिसतो. घेणाऱ्याचंही नशीब असतं.

आता १९८७, ज्यासाठी मला इथे हाक मारली जाणार हे ठाऊक होतं.

१२ ऑगस्टला टायगर्सनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर आणला. वय ३६, तोंडावर कायम नाराजी. बदल्यात दिला वीस वर्षांचा पोरगा, मिशिगनच्याच लान्सिंगचा, मायनरमध्ये मार खात होता. जॉन स्मोल्ट्झ. पुढचं जगाला माहीत आहे: २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी येऊन राखलेल्या आघाड्या), १९९६ चं साय यंग, हॉल ऑफ फेम. "इतिहासातला सर्वांत मूर्ख सौदा" अशा याद्या निघतात त्यात हा हमखास असतो.

पण त्या याद्या लिहिणारे १९८७ च्या सप्टेंबरात इथे नव्हते. अलेक्झांडर आमच्याकडे ११ सामने खेळला: ९ विजय, पराभव शून्य, ईआरए १.५३. शेवटच्या आठवड्यात टोरांटो पुढे होतं आणि त्यांचा धीर सुटला, ओळीनं सात हरले. शेवटचे तीन आमच्याशी, टायगर स्टेडियमवर. शुक्रवारी अलेक्झांडरनं ४-३ नं जिंकून दिला. शनिवारी बाराव्या इनिंगमध्ये ३-२. रविवारी फ्रँक टनाना, १-०, हर्न्डनचा एक होम रन. मी त्या रविवारी पोटमाळ्यावरच्या खोलीत होतो, खाली घरमालकीणबाई पोलिश, वयानं सत्तरीच्या. शेवटचा बॅटर बाद झाला तेव्हा त्या जिना चढून वर आल्या आणि मला मिठी मारली. दोन वर्षांत "भाडं" आणि "पाय पुसा" यापलीकडे आमचं बोलणं झालं नव्हतं.

पुढे मिनेसोटाकडून हरलो, अलेक्झांडरनं दोन्ही वेळा मार खाल्ला. स्मोल्ट्झ अटलांटात मोठा झाला. मला कुणी विचारलं, तो सौदा परत करशील का? करीन. त्या रविवारसाठी करीन.

तेव्हा आकडेमोडराव, तुमची वही बरोबर आहे, पण तिच्यात एक रकाना कमी आहे.

मात्र नोव्हायकर, तुम्हीही फार खूश होऊ नका. साय यंगवाला विकून टायगर्सचं भलं झाल्याचंही उदाहरण आहे. डेनी मॅक्लेन. १९६८ ला ३१ विजय, त्यानंतर आजतागायत ३० कुणाला जमलेले नाहीत. १९६८ आणि ६९, लागोपाठ दोन साय यंग, तुमच्या स्कूबलसारखीच (दुसरं वाटून). १९७० ला जुगाराच्या भानगडीत निलंबन, आणि ऑक्टोबरात वॉशिंग्टनला रवाना. तिथे पुढच्याच वर्षी २२ सामने हरला. आम्हाला मिळाले कोलमन, ब्रिंकमन आणि रॉड्रिगेझ. कोलमननं १९७१ मध्ये २० जिंकले, १९७२ ला टीमनं डिव्हिजन जिंकली. हे सगळं माझ्या येण्याआधीचं, पण न्हाव्यानं इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखं वाटतं.

---

सांजवेळ | १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१२

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण घरमालकीणबाईंसाठी +१००. लिहीत रहा.

---

आकडेमोड | १५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:४०

जुना_गडी, रकाना मान्य, मनापासून. पण अलेक्झांडर तुम्ही *घेतला* होता. नोव्हायकर *देत नाहीत*. दोन्हीत फरक आहे. जिंकण्यासाठी भविष्य विकणं एक. भविष्य न घेता वर्तमान उडवणं वेगळं.

२०१३-१५ आठवा. शेर्झरला २०१३ ला साय यंग मिळालं, २१-३. टायगर्सनी १४४ मिलियन देऊ केले, त्यानं नाही म्हटलं. ठेवला. २०१४ च्या जुलैत डेव्हिड प्राइसही आणला. म्हणजे एका टीममध्ये तीन साय यंगवाले: २०११ चा व्हर्लँडर, २०१२ चा प्राइस, २०१३ चा शेर्झर. प्लेऑफमध्ये काय? बाल्टिमोरकडून तीनात तीन हार. शेर्झर गेला वॉशिंग्टनला २१० मिलियनवर आणि तिथे आणखी दोन साय यंग घेतली. असाच ठेवायचाय का स्कूबल?

---

नोव्हायकर | १५ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:३०

शेर्झर *ठेवला* त्याचं दुःख सांगता, तर व्हर्लँडर *विकला* त्याचंही सांगा की.

३१ ऑगस्ट २०१७, मध्यरात्रीला काही मिनिटं उरली असताना सही झाली. ह्यूस्टनकडे जाऊन ५-०, ईआरए १.०६, लीग फायनलचा एमव्हीपी, वर्ल्ड सिरीजची अंगठी. मग २०१९ आणि २०२२ ची साय यंग. आणि आम्हाला? फ्रँकलिन पेरेझ, सौद्यातलं मुख्य नाव, दुखापतींमुळे मेजरमध्ये एक चेंडूही टाकू शकला नाही. डॅझ कॅमरन आला आणि गेला. कॅचर जेक रॉजर्स टिकला, तो चांगला आहे, मला आवडतो. पण एका कॅचरसाठी व्हर्लँडर? दोनच वर्षांनी, २०१९ मध्ये, आम्ही ११४ सामने हरलो. स्टेडियममध्ये सीगल पक्षी जास्त आणि माणसं कमी.

(जाता जाता: २०१९ ला व्हर्लँडरच्या मागे दुसरा आला तो गेरिट कोल, त्याच टीमचा, तोही पिट्सबर्गकडून सौद्यात आणलेला. ह्यूस्टनवाल्यांना सौदे करता येतात, आम्हाला येत नाहीत, असंही म्हणता येईल. तेवढंच विकू नये म्हणायला कारण.)

गुणी पोरं म्हणाल तर ती आमच्याकडे आहेत. मॅकगॉनिगल आहे, मॅक्स क्लार्क आहे. आणखी पाच पोरं घेऊन काय शाळा काढायची आहे? नाही ते एकच, दुसरा स्कूबल. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये नवव्या फेरीत मिळाला होता हा माणूस. असं ठरवून मिळत नाही.

आणि आमच्या टीमचं भाकीत करू नका. जुलै २०२४ मध्ये टायगर्सनी हार मानून जॅक फ्लॅहर्टी डॉजर्सना विकला. त्यानंतर पाचही पिचर धड नसलेल्या टीमनं प्लेऑफ गाठलं, ह्यूस्टनला त्यांच्याच घरी हरवलं. आणि यंदा, सगळं असताना, जुलैत क्लीव्हलंडवर साडेपंधरा सामन्यांची आघाडी घेऊन डिव्हिजन घालवली. मोठे जाणकार बसलेत गणितं करायला!

---

फुलटॉस | १६ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:२०

थोडं विषयांतर. कालच आयपीएलमध्ये जडेजा आणि सॅम करन राजस्थानला, संजू सॅमसन चेन्नईला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजून रडारड चालू आहे. पण तिथे खेळाडूची संमती लागते. इथे वर लिहिलंय की "फोन येतो". खरंच असं? मग व्हर्लँडर मध्यरात्रीपर्यंत का ताणत होता?

---

नोव्हायकर | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:००

चांगला प्रश्न. लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच टीमकडे काढली असतील तर नकार देता येतो. व्हर्लँडरला तो हक्क होता, म्हणून त्याच्या होकारासाठी सगळे खोळंबले होते. स्कूबलला नाही. करारात वेगळं लिहून घेतलं असेल तरच बाकीच्यांना बोलता येतं.

सगळ्यात वाईट पाहिलंय ते ऑस्टिन जॅक्सनचं, ३१ जुलै २०१४. वर आकडेमोड म्हणाले तो प्राइसचा सौदा तीन टीमचा होता आणि त्यात जॅक्सन सिअॅटलला जात होता. सामना चालू होता, जॅक्सन सेंटर फील्डला उभा. सातव्या इनिंगमध्येच त्याला मैदानातून आत बोलावलं. लोकांनी फोनवर बातमी पाहिलेली, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. आपला माणूस चाललाय आणि साय यंगवाला येतोय, दोन्हीच्या टाळ्या एकातच. मी पण वाजवल्या. कशासाठी ते तेव्हाही नक्की कळलं नव्हतं.

---

बॉस्टनचा_बंड्या | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:३५

सगळे डेट्रॉइटचे रडून झाले असतील तर आमचंही ऐका. ३० डिसेंबर २०२३. ख्रिस सेल अटलांटाला दिला, वर १७ मिलियनही दिले, घेतला व्हॉन ग्रिसम. सेलचा हात संपला असं सगळे म्हणत होते. मी पण म्हणत होतो, इथेच लिहिलं असेल. २०२४: १८-३, ईआरए २.३८, २२५ स्ट्राइकआउट. विजय, ईआरए, स्ट्राइकआउट तिन्हीत लीगमध्ये पहिला, साय यंग. ग्रिसम फारसा खेळलाच नाही. आकडेमोडराव, टोमॅटो नासला नव्हता, आम्हीच फेकला.

आणि पत्रकारांच्या मतांचं म्हणाल तर पेद्रो १९९९. २३-४, ईआरए २.०७, ३१३ स्ट्राइकआउट. एमव्हीपीसाठी पहिली मतं त्याला ८, इव्हान रॉड्रिगेझला ७. तरी २५२-२३९ नं हरला, कारण दोघा पत्रकारांनी त्याचं नावच लिहिलं नाही. पिचर रोज खेळत नाही म्हणून म्हणे. यंदा जज आणि रॅलेच्या एमव्हीपीवरून लोक भांडताहेत, ६० होम रन मारणाऱ्या कॅचरला डावललं म्हणून. जज १७, रॅले १३. त्यात निदान दोघांचीही नावं सगळ्यांनी लिहिली.

---

वऱ्हाडी_ठेचा | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५०

सगळं वाचून काढलं, दोनदा. एक विचारू? तुम्ही सगळे हात-खांदा असं बोलताय जसं काही तो ट्रॅक्टरचा सुटा भाग आहे. या स्कूबलचं काही ऑपरेशन झालंय का आधी?

आमचे सर सामना झाला की शाळेच्या विहिरीचं पाणी बादलीनं काढून खांद्यावर ओतायचे. बर्फ कुठला तिथे. दहावीत विभागीय स्पर्धेत मी तीन दिवसांत पाच सामने टाकले. चौथ्या सामन्यानंतर मला वेणी घालता येईना, आईनं घातली. सरांना सांगितलं नाही, कारण पाचवा सामना नागपूरशी होता आणि मला तो टाकायचाच होता. टाकला. आज पन्नाशीत उजव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा निघत नाही.

मला कुणी तेव्हा विचारलं असतं, की बाई, पुढे दहा वर्षं खेळायचं तर आज बस, तर मी काय म्हटलं असतं सांगता येत नाही. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

---

नोव्हायकर | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१५

ताई, दोनदा झालंय. कॉलेजात असताना कोपराचं, आणि २०२२ मध्ये हाताच्या स्नायूबंधाचं. त्यानंतर वर्षभर बाहेर होता. परत आला तो हा असा. १० ऑक्टोबरला ९९ चेंडूंवर थांबवला तेव्हा मी टीव्हीवर ओरडलो होतो, अजून एक इनिंग द्या म्हणून. तुमचा प्रतिसाद वाचून जरा ओशाळलो.

---

आकडेमोड | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

मी "नासणारा माल" म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. हिशोब नाही घेत.

---

जुना_गडी | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:३०

ठेचाताई, नागपूरशी जिंकलात का ते सांगितलं नाहीत.

---

वऱ्हाडी_ठेचा | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:०५

हरलो काका. एका रननं. :)

बरं, नोव्हायकर, मुलगा अॅन आर्बरला असतो. जूनमध्ये त्याच्याकडे येतेय, तीन आठवडे. मला हा माणूस टाकताना बघायचा आहे. कुठल्या दिवसाचं तिकीट काढू?

---

नोव्हायकर | १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:४०

आत्तापासून दिवस सांगता येत नाही, कुणाची पाळी कधी ते चार-पाच दिवस आधी कळतं. तीन आठवड्यांत घरच्या मैदानावर एक-दोनदा तरी येईल. तुम्ही आलात की मला निरोप टाका, मी आणि पोरगी येतोच, तिसऱ्या बेसच्या बाजूला बसू, डावखुऱ्याचा हात तिथून नीट दिसत नाही, पण ऊन मिळतं. तोपर्यंत तो डेट्रॉइटात असला तर.